लग्नपत्रिका की एपीके? फाइल न चालवता आत काय आहे ते दाखवणारी साधने

संगणक किंवा फोन ज्या फाइलमधील सूचना पाळून कामाला लागतो, तिला एक्झिक्युटेबल किंवा बायनरी फाइल म्हणतात. विंडोजवर ती 'ईएक्सई' असते, लिनक्सवर 'ईएलएफ', तर अँड्रॉइडवर अॅप 'एपीके' या गठ्ठ्यातून येते. फोटो फक्त पाहिला जातो, पण एक्झिक्युटेबल फाइल चालते. धोका इथेच आहे.

अकोल्याहून वाशिममार्गे पूर्णेकडे जाणाऱ्या रेल्वेमार्गावर हिंगोली आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये तेथील एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअॅपवर लग्नाचे निमंत्रण आले. पीडीएफसारखी दिसणारी ती फाइल प्रत्यक्षात एपीके होती. ती उघडल्यानंतर त्यांच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. लग्नसराई असो वा नसो, वऱ्हाडातल्या कोणत्याही कौटुंबिक ग्रुपवर असे निमंत्रण येऊ शकते.

अशी फाइल न चालवता तपासता येते. त्यासाठी संगणकाच्या टर्मिनलमध्ये आज्ञा टाइप करून वापरायची मोफत साधने आहेत.

फाइलचा खरा प्रकार

'फाइल' ही लिनक्समधील आज्ञा नावाकडे न पाहता फाइलचे सुरुवातीचे बाइट वाचते. विंडोजच्या ईएक्सईची सुरुवात 'एम' आणि 'झेड' या इंग्रजी अक्षरांनी होते. एपीके हा मुळात झिप गठ्ठा असल्याने तिची सुरुवात 'पी' आणि 'के' ने होते. झिपचे जनक फिल कॅट्झ यांची ही आद्याक्षरे. पत्रिकेच्या फाइलमध्ये ती दिसली, तर ती पीडीएफ नाही हे तिथेच कळते.

आतला मजकूर

'स्ट्रिंग्ज' ही आज्ञा बायनरीतील वाचता येणारे शब्द बाहेर काढते. एपीके असेल तर आधी गठ्ठा सोडवावा लागतो. अनोळखी संकेतस्थळाचा पत्ता किंवा टेलिग्राम बॉटचा पत्ता सापडला, तर माहिती कुठे पाठवली जाणार याचा माग लागतो.

परवानग्या आणि सही

अँड्रॉइडच्या विकासक साधनांतील 'एएपीटी' हे अॅप कोणत्या परवानग्या मागणार ते दाखवते. लग्नपत्रिकेला एसएमएस वाचण्याची गरज नसते. ती परवानगी मागितली असेल, तर डोळा बँकेच्या ओटीपीवर असण्याची शक्यता मोठी. 'एपीकेसाइनर' अॅपवरची डिजिटल सही दाखवते. बँकेच्या नावाने आलेल्या अॅपची सही मूळ अॅपच्या सहीशी जुळत नसेल, तर ते बँकेने दिलेले अॅप नाही असेच समजावे.

फाइलचा ठसा

'शा२५६सम' फाइलचा ६४ अक्षरी ठसा काढते. फाइलमध्ये एक बाइट बदलला तरी ठसा बदलतो. हा ठसा व्हायरसटोटल या सेवेवर शोधला, तर तीच फाइल आधी कोणी तपासली आहे का आणि कोणत्या अँटिव्हायरसने ती घातक ठरवली, हे समजते.

लिनक्सच्या फाइलसाठी

'रीडएल्फ' आणि 'ऑब्जडम्प' ईएलएफ फाइलची अंतर्गत रचना दाखवतात. 'चेकसेक' प्रोग्राममध्ये संरक्षक कवचे आहेत की नाहीत ते सांगते. 'एलडीडी' मात्र अनोळखी फाइलवर वापरू नये. काही परिस्थितीत ती आज्ञा तपासणीच्या नावाखाली प्रोग्रामच चालवू शकते.

मर्यादा

या साधनांना संशयास्पद काही सापडले नाही, म्हणजे फाइल सुरक्षित आहे असे होत नाही. घातक भाग गुंडाळून लपवलेला असू शकतो, किंवा अॅप बसवल्यानंतर इंटरनेटवरून आणला जाऊ शकतो. म्हणून तपासणीत खोट दिसली तर फाइल पुसावी, आणि दिसली नाही तरी फोनवर बसवू नये. अॅप अधिकृत स्टोअरमधूनच घ्यावे.

फाइल उघडली गेली असेल तर

आधी फोनचा इंटरनेट बंद करावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खात्याचे व्यवहार थांबवावेत आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तक्रार जितकी लवकर होईल, तितकी पैसे पुढे सरकण्याआधी अडवले जाण्याची शक्यता जास्त. पत्रिका ओळखीच्या नंबरवरून आली असली, तरी पाठवणाऱ्याला फोन करून विचारावे. त्याचाच फोन आधी ताब्यात गेलेला असू शकतो.