जीवनान्त काळजीतील आरोग्य-नोंदींचा वापर

असाध्य आजाराच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांच्या वैद्यकीय नोंदी एकत्र आणून त्यांच्या आधारे वेदनाशमन, उपचारविषयक निर्णय व सेवांचे नियोजन सुधारण्याच्या पद्धतीला जीवनान्त काळजीतील आरोग्य-नोंदींचा वापर असे म्हणतात. उपशामक सेवेशी (पॅलिएटिव्ह केअर) या विषयाचा निकटचा संबंध आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना उपशामक सेवेची गरज असते. प्रत्यक्षात ती सुमारे १४ टक्के लोकांनाच मिळते.

पार्श्वभूमी

भारतातील पहिली लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी १९६३ मध्ये मुंबईत इंडियन कॅन्सर सोसायटीने सुरू केली. ग्रामीण भागातील पहिली नोंदणी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे सुरू झाली. देशातील पहिले हॉस्पिस मानले जाणारे शांती आवेदना सदन १९८६ मध्ये वांद्रे येथे स्थापन झाले. कर्करोग नोंदणीतून रोगाचे प्रमाण व रुग्ण किती काळ जगला हे समजते. अखेरच्या दिवसांत त्याला किती वेदना झाल्या, हे मात्र समजत नाही.

नोंदींचा उपयोग

रुग्णाचे निदान, चालू औषधे, वेदनेची तीव्रता, नको असलेले उपचार आणि त्याच्या वतीने बोलणारी व्यक्ती या बाबी एका ठिकाणी असल्यास रात्री-अपरात्री रुग्णाला तपासणाऱ्या अनोळखी डॉक्टरलाही योग्य निर्णय घेता येतो. नवी मुंबईतील द्रोणागिरी हा उरण तालुक्यातील नोड आहे. अशा ठिकाणच्या रुग्णाचे कर्करोगाचे उपचार मुंबईत किंवा पनवेल तालुक्यातील खारघर येथे चालू असतील आणि अखेरचे दिवस घरी जात असतील, तर जवळच्या डॉक्टरपर्यंत पूर्वीची कागदपत्रे पोहोचणे निर्णायक ठरते. ती न पोहोचल्यास वेदनाशामक औषधाची मात्रा पुन्हा नव्याने ठरवावी लागते किंवा रुग्णाला अनावश्यकरीत्या अतिदक्षता विभागात हलवले जाते.

सामूहिक पातळीवर नोंदींवरून सेवेचा दर्जा मोजता येतो. मृत्यूपूर्वीच्या १४ दिवसांत केमोथेरपी देणे, अखेरच्या ३० दिवसांत वारंवार तातडीच्या विभागात यावे लागणे आणि उपशामक सेवा अगदी शेवटच्या दिवसांत सुरू होणे हे यासाठी वापरले जाणारे प्रचलित निर्देशक आहेत.

वैद्यकीय इच्छापत्र

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी निष्क्रिय दयामरणाला काही अटींवर मान्यता दिली. ‘कॉमन कॉज’ संस्थेच्या याचिकेवरील ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क हा जीवनाच्या हक्काचा भाग असल्याचे मान्य केले आणि वैद्यकीय इच्छापत्राला वैधता दिली. २४ जानेवारी २०२३ च्या आदेशाने प्रक्रिया सोपी झाली. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या प्रतिस्वाक्षरीऐवजी दोन साक्षीदारांसमक्ष केलेले इच्छापत्र नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करणे पुरेसे ठरले. ते डिजिटल आरोग्य-नोंदींत समाविष्ट करण्याची मुभाही मिळाली. इच्छापत्राचा अस्सलपणा उपचार करणाऱ्या डॉक्टरने या नोंदींवरून किंवा स्थानिक स्वराज्य संस्थेच्या अभिरक्षकाकडून पडताळावयाचा असतो. मुंबई महानगरपालिकेने या कामासाठी आपल्या विभागांतील वैद्यकीय आरोग्य अधिकाऱ्यांची अभिरक्षक म्हणून नेमणूक केली आहे.

आयुष्मान भारत डिजिटल अभियानाची देशव्यापी सुरुवात २७ सप्टेंबर २०२१ रोजी झाली. त्यातील १४ अंकी ‘आभा’ क्रमांकाद्वारे विविध रुग्णालयांतील नोंदी रुग्णाच्या संमतीने जोडता येतात.

मर्यादा

मृत्यूच्या तारखेपासून मागे जाऊन केलेले मोजमाप दिशाभूल करू शकते. उपचार देताना डॉक्टरला मृत्यूची तारीख ठाऊक नसते, आणि त्याच उपचारांनी बरे झालेले रुग्ण अशा गणनेत येतच नाहीत. मृत्यूच्या कारणांची माहितीही अपुरी आहे: २०२० मध्ये भारतात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी सुमारे २२.५ टक्के मृत्यूंचेच कारण वैद्यकीयदृष्ट्या प्रमाणित झाले होते. घरी होणाऱ्या मृत्यूंबाबत ही उणीव अधिक जाणवते. त्यामुळे केवळ रुग्णालयांच्या नोंदींवर आधारलेल्या नियोजनात घरी शुश्रूषा घेणारे रुग्ण वगळले जाण्याचा धोका असतो.

गोपनीयता हा दुसरा प्रश्न आहे. शुद्ध हरपलेल्या रुग्णाची संमती घेता येत नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये मृत्यू किंवा असमर्थता आल्यास आपले हक्क बजावण्यासाठी दुसऱ्या व्यक्तीला नामनिर्देशित करण्याची तरतूद आहे. नोंदीत लिहिलेली इच्छा अंतिम नसते; रुग्ण शुद्धीवर व निर्णयक्षम असेपर्यंत तो ती बदलू किंवा मागे घेऊ शकतो. म्हणून अशा नोंदींचे वेळोवेळी अद्ययावतीकरण आवश्यक असते.