कातर रे भाजी!

पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा आहे: झगा घातलेला पाद्री हात पुढे करून उभा, आणि समोर मागे कलंडणारी बाई. सेल्फी काढणाऱ्यांना तो मांत्रिकच वाटतो. हा आबे फारिया, जन्म १७५६, कांदोळी.

वडिलांबरोबर तो लहानपणीच लिस्बनला गेला. तिथे राजदरबारात प्रवचनाला उभा राहिला आणि शब्दच फुटेना, तेव्हा वडील कोकणीत पुटपुटले, ‘ही सगळी भाजी, कातर रे भाजी!’ आणि पोरगं घडाघडा बोलू लागलं. दंतकथा म्हणा हवं तर, पण पुढचं सगळं तिच्यात आहे.

१८१३ मध्ये पॅरिसला तो लोकांना खुर्चीत बसवून ‘झोपा!’ म्हणे, आणि ते झोपत. डॉक्टर मेस्मरचे शिष्य सांगत, की हे अंगातून वाहणाऱ्या चुंबकीय द्रवामुळे होतं. फारिया म्हणे, माझ्यात कसलीच शक्ती नाही. जे होतं ते तुमच्याच मनात. धंद्याला मारक कबुली!

मग एका नटाने झोपेचं सोंग घेऊन त्याची फजिती केली. पाद्रीही खवळलेलेच होते. १८१९ मध्ये पुस्तक निघालं, आणि त्याच वर्षी तो गरिबीत गेला. ‘हिप्नॉटिझम’ हा शब्द नंतर १८४०च्या दशकात मँचेस्टरच्या डॉक्टर ब्रेडने रूढ केला. ड्यूमाने ‘माँटे क्रिस्टो’त कैदी पाद्र्याला फारियाचं नाव दिलं. खरा फारिया मोंमार्त्रला बिननावाच्या कबरीत आहे.