विद्युत् रोध व शक्ती : दाब आणि प्रवाहावरून गणन

विद्युत् मंडलातील एखाद्या घटकाच्या दोन टोकांमधला दाब (व्होल्ट) आणि त्यातून वाहणारा प्रवाह (अँपिअर) कळला की त्या घटकाचा रोध आणि त्याला लागणारी शक्ती काढता येते. दाबाला प्रवाहाने भागले की रोध ओहममध्ये मिळतो, आणि दाबाला प्रवाहाने गुणले की शक्ती वॅटमध्ये मिळते. शालेय पुस्तकांत दाबाला विभवांतर आणि प्रवाहाला विद्युतधारा म्हणतात. हिशेब सोपा आहे, पण दोन्ही मापे एकाच वेळची आणि एकाच स्थितीतली असली तरच उत्तर खरे येते.

इतिहास : या अटीचे महत्त्व गेओर्ग झिमोन ओहम (१७८९–१८५४) यांना प्रयोगातूनच कळले. कोलोन येथे शिक्षक असताना त्यांनी १८२५ मध्ये व्होल्टाच्या घटावर प्रयोग केले; परंतु प्रयोग चालू असतानाच घटाचा दाब उतरे आणि आकडे जुळत नसत. पुढच्या वर्षी त्यांनी तांबे आणि बिस्मथ यांचे तापयुग्म घेतले. त्याचा एक सांधा उकळत्या पाण्यात व दुसरा बर्फात ठेवल्यामुळे दाब स्थिर राहिला. वेगवेगळ्या लांबीच्या तारा जोडून, चुंबकसूचीच्या विचलनावरून त्यांनी प्रवाह मोजला. तारेवरचा दाब आणि तिच्यातला प्रवाह यांचे प्रमाण स्थिर असते, या ओहमच्या नियमाचे विवेचन १८२७ मध्ये ग्रंथरूपाने आले. त्याची योग्य दखल उशिरा घेतली गेली. लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना १८४१ मध्ये कॉप्ली पदक दिले. त्याच सुमारास जेम्स प्रेस्कॉट जूल यांनी दाखवून दिले की तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या आणि रोधाच्या प्रमाणात असते. रोधाच्या एककाला ओहम हे नाव १८८१ च्या पॅरिस परिषदेत मान्य झाले.

सूत्रे : मूळ सूत्रे दोन आहेत.
रोध = दाब ÷ प्रवाह
शक्ती = दाब × प्रवाह
ती एकमेकांत घातली की आणखी दोन मिळतात.
शक्ती = प्रवाह × प्रवाह × रोध
शक्ती = दाब × दाब ÷ रोध

उदाहरण : २३० व्होल्टच्या दाबावर गीझर ८.७ अँपिअर प्रवाह घेत असेल, तर त्याची शक्ती सुमारे २,००० वॅट आणि रोध सुमारे २६.४ ओहम. तो अर्धा तास सलग चालला की लाइट बिलातला एक युनिट, म्हणजे एक किलोवॅट-तास, खर्च होतो. संध्याकाळी भार वाढून दाब १८० व्होल्टवर आला, तर नायक्रोमच्या कॉइलचा रोध जवळजवळ तोच राहतो. पण शक्ती दाबाच्या वर्गाप्रमाणे घटून सुमारे १,२२५ वॅट उरते. दाब एक पंचमांशापेक्षा थोडा जास्त उतरला, तर शक्ती दोन पंचमांशांच्या आसपास घटली. पाणी तापायला इतका उशीर का लागतो, याचे कारण हेच.

याच गीझरच्या सॉकेटमधला स्क्रू सैल झाला आणि तिथे अर्धा ओहम रोध निर्माण झाला असे समजू. प्रवाह किंचित घटून साडेआठ अँपिअर होईल आणि त्या एवढ्याशा जागी सुमारे ३६ वॅट उष्णता निर्माण होईल. रेडिओ दुरुस्तीचे साधे सोल्डरिंग आयर्न २५ वॅटचे असते. सॉकेट काळे पडणे, प्लास्टिक वितळणे आणि जळका वास येणे याला एवढा रोध पुरतो.

मापन : प्रवाहमापी घटकाशी एकसर, तर दाबमापी समांतर जोडतात. दाबमापी स्वतःही थोडा प्रवाह घेतो आणि प्रवाहमापीवर थोडा दाब खर्च होतो. म्हणून रोध लहान असेल तर दाबमापी थेट घटकाच्या टोकांना लावतात. रोध मोठा असेल तर घटक आणि प्रवाहमापी या दोघांच्या बाहेरून लावतात.

मर्यादा : ओहमचा नियम तापमान स्थिर असतानाचा आहे. टंगस्टनच्या तारेचा १०० वॅटचा जुना बल्ब पेटलेला असताना त्याचा रोध ५२९ ओहम निघतो; तोच बल्ब थंड असताना मल्टिमीटरवर चाळीस ओहमच्या आसपास आकडा दिसतो. दोन्ही मापे आपापल्या स्थितीत बरोबरच आहेत. बटण दाबताच क्षणभर कितीतरी जास्त प्रवाह वाहतो, म्हणून असे बल्ब बहुधा लावतानाच उडत. डायोड, एलईडी यांत दाब आणि प्रवाह यांचे प्रमाण स्थिर नसते. तिथे भागाकारातून मिळणारा रोध फक्त त्या दाबापुरता असतो.

प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणाऱ्या पंखा, पंप यांसारख्या उपकरणांत दाब आणि प्रवाह एकाच क्षणी शिखर गाठत नाहीत. अशा वेळी गुणाकाराला शक्तिगुणकाने, म्हणजे वायरमनच्या बोलण्यातल्या पॉवर फॅक्टरने, पुन्हा गुणावे लागते. आणि भागाकारातून केवळ रोध नव्हे, तर संरोध, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध, मिळतो.

प्रेषण : लांबच्या वाहिन्यांची आखणी याच गणितावर उभी आहे. चंद्रपूर ते पडघे ही एकदिश प्रवाहाची वाहिनी १,५०० मेगावॅट वाहून नेण्यासाठी बांधलेली आहे. तिच्या दोन ध्रुवांमधला दाब १० लाख व्होल्ट असल्याने पूर्ण भारावर प्रवाह १,५०० अँपिअर होतो. दाब निम्मा असता तर तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह दुप्पट लागला असता आणि त्याच तारांत उष्णतेने होणारी हानी चौपट झाली असती.

खबरदारी : घरातल्या उपकरणाचा हिशेब करायला चालू तारेला मीटर लावू नये. उपकरणावरच्या पट्टीवर दाब आणि वॅट छापलेले असतात; वॅटला दाबाने भागून प्रवाह काढावा आणि तेवढा प्रवाह सॉकेट व तार सोसू शकतात का, ते पाहावे. प्रत्यक्ष मापन परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.