वज्जी गणसंघाचा विनाश आणि मिथुभेद

मगधराज अजातसत्तूने वज्जींचा गणसंघ बुडविला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. तो कोणत्या उपायाने बुडविला, याचा मात्र आपण पुरेसा विचार केलेला नाही.

दीघनिकायातील महापरिनिब्बान सुत्ताचा आरंभ याच प्रसंगाने होतो. तथागत राजगहाच्या गिज्झकूट पर्वतावर असताना अजातसत्तूचा महामात्य वस्सकार ब्राह्मण त्यांच्याकडे आला आणि राजाचा स्वारीचा मनोदय त्याने निवेदन केला. तथागतांनी आनंदाला वज्जींविषयी सात प्रश्न विचारले. वज्जी वारंवार सभा भरवितात काय ? एकत्र जमून, एकत्र उठून संघाची कामे एकदिलाने करतात काय ? हे व असे सात अपरिहानीय धम्म जोवर वज्जी पाळतील तोवर त्यांची वृद्धीच होईल, हा त्यांचा अभिप्राय होता. वस्सकाराने त्यातून निराळाच बोध घेतला. वज्जी युद्धाने जिंकले जाणार नाहीत. उपलापन, म्हणजे गोड बोलून वश करणे, किंवा मिथुभेद, म्हणजे आपसांत फूट पाडणे, हेच मार्ग उरतात, असे तो म्हणाला.

पुढील वृत्तांत मूळ सुत्तात नाही. तो इसवी सनाच्या पाचव्या शतकातील बुद्धघोषाच्या सुमंगलविलासिनी या अट्ठकथेत येतो. घटना आणि अट्ठकथा यांत अनेक शतकांचे अंतर आहे. जैन परंपरेतही या युद्धाची हकीकत वेगळी आहे. तेव्हा त्यातील तपशील जसाच्या तसा इतिहास मानता येणार नाही. परंतु गणराज्य आतून कसे पोखरले जाते, याविषयीची थेर परंपरेची जाण त्यात निश्चितपणे दिसते.

अट्ठकथेनुसार राजाने वस्सकाराला हद्दपार केल्याचे सोंग केले. लिच्छवींनी त्याला वेसालीत आश्रय देऊन न्यायदानाचे काम सोपविले. एके दिवशी त्याने एका लिच्छवीला बाजूला नेऊन विचारले, ‘शेत नांगरता ना ? दोन बैल जुंपून ?’ तो ‘होय’ म्हणाला. दुसऱ्याने पुढे त्याला विचारले, ‘आचार्य काय म्हणाले ?’ त्याने घडले ते सांगितले. पण ऐकणाऱ्याला ते पटेना. एवढ्यासाठी कोणी एकांतात नेते काय, हा खरे लपवितो, असे त्याने मनात धरले. हळूहळू ‘अमुक तुला दरिद्री म्हणतो’, ‘तमुक तुला भित्रा म्हणतो’ अशी कुजबुजही सुरू झाली. तीन वर्षांत दोन लिच्छवी एका वाटेने चालेनासे झाले. सभेची भेरी वाजली तेव्हा, जे धनवान असतील, जे शूर असतील त्यांनी जावे, असे म्हणून कोणीही आले नाही. अजातसत्तु उघड्या वेशीतून आत शिरला.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, पहिल्या प्रसंगात कोणीच खोटे बोललेले नाही. प्रश्न साधा होता, उत्तरही खरे होते. तरीही फूट पडली. कारण सभेत विचारता येण्याजोगी गोष्ट कानात विचारली गेली. विनयातील पाचित्तिय नियमांत असत्य भाषणाचा नियम पहिला आणि चहाडीचा, म्हणजे पेसुञ्ञाचा, तिसरा आहे. हे दोन दोष वेगळे मानण्यामागील मर्म या कथेवरून उमगते. खऱ्या शब्दानेही माणसे तोडता येतात. वारंवार भरणारी सभा हा अपरिहानीय धम्मांत पहिला का, तेही येथेच कळते. संशयाला एकांत लागतो. सभेत तो विचारून मिटविता येतो.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वकीयांच्या फितुरीने देशाचे स्वातंत्र्य गेल्याचे स्मरण दिले. भिक्खुसंघाला सभेची कार्यपद्धती ज्ञात होती, हेही त्याच भाषणात त्यांनी सांगितले. हे दोन्ही मुद्दे एकत्र वाचले पाहिजेत. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची पुढे अनेक शकले झाली. त्याची कारणे अनेक असतील. परंतु ‘तो तुझ्याविषयी असे म्हणतो’ हे वाक्य आपल्या वस्तीत, विहारात, समितीत कोणी ऐकले नाही? प्रत्येक वेळी बाहेरचा वस्सकार शोधण्याचे कारण नाही. असे वाक्य कानी आले की ज्याच्या नावे ते सांगितले गेले, त्यालाच सर्वांदेखत विचारावे. वेसालीत तेवढेच कोणी केले नाही.