एका अक्षराएवढे खोडरबर

लेखनाचा इतिहास लिहिणाऱ्यांनी बोरू, टाक, शाई आणि कागद यांची कुळे मोठ्या आस्थेने शोधून काढली. परंतु लिहिलेले नाहीसे करणाऱ्या साधनांकडे मात्र त्यांनी, मेजवानीचे रसभरित वर्णन करणाऱ्याने उष्टी काढणाऱ्यांकडे करावे तसे, खुशाल दुर्लक्ष केले. वास्तविक ही साधने लेखनाइतकीच पुरातन आहेत. रोमन लेखनिक मेणाच्या पाटीवर ज्या शलाकेने लिहीत तिचे एक टोक अणकुचीदार आणि दुसरे चपटे असे, ते चुकलेले मेण पुन्हा सारवण्यासाठी. पपायरसावरील शाई ते ओल्या स्पंजाने पुसत, आणि सम्राट ऑगस्टसने आपले ‘एजॅक्स’ नाटक मनासारखे न उतरल्यामुळे पुसून टाकल्यावर, कोणी चौकशी केली असता, आपला एजॅक्स, ग्रीक कथेतल्या त्या वीरासारखा, तलवारीवर नव्हे तर स्पंजावर पडला, असा खुलासा केल्याचे चरित्रकार स्युटोनियसने नोंदून ठेवले आहे. चर्मपत्रावर लिहिणारे युरोपातील मठवासी एका हातात लेखणी व दुसऱ्या हातात चाकू घेऊन बसत. आमच्याकडील पोथ्यांचे लेखक चुकल्या अक्षरावर हरताळाचा पिवळा लेप देत आणि तो वाळला म्हणजे त्यावरच शुद्ध अक्षर काढीत. पुसणे, खरवडणे आणि झाकणे हे खोडण्याचे तिन्ही मार्ग अशा रीतीने टंकलेखनयंत्र जन्मास येण्याच्या कित्येक शतके आधीच सिद्ध झालेले होते.

टंकलेखनयंत्राने त्यांत जी नवी अट घातली ती रुंदीची. हस्तलिखितातील चूक लेखकाच्या हाताच्या वळणाप्रमाणे लहानमोठी असते, आणि ती खोडताना शेजारच्या शब्दास थोडा धक्का लागलाच तर तोही पुन्हा लिहिता येतो. यंत्राने उमटविलेले अक्षर मात्र इंचाचा दहावा हिस्सा, आणि ‘एलिट’ नावाच्या बारीक टंकात बारावा हिस्सा, एवढ्याच जागेत उभे असते, ओळी इंचाला सहा या हिशेबाने एकमेकींस चिकटून असतात, आणि दोन्ही बाजूंची निरपराध अक्षरे जशीच्या तशी राखून मधले एकच अक्षर काढावयाचे असते. सुमारे अडीच मिलिमीटर रुंदीचे आणि वापराने झिजत असूनही कायम तेवढ्याच रुंदीचे राहणारे घर्षक कसे घडवावे, हा या सामान्य वस्तूच्या कुळकथेतील खरा प्रश्न आहे, आणि तिची सारी रूपे ही त्या एका प्रश्नाची कमीअधिक यशस्वी उत्तरे आहेत.

रबराचा प्रवेश या कथेत उशिरा होतो. शिसपेन्सिलीची रेघ पूर्वी पावाच्या मऊ गराने पुसत असत. १७७० साली जोसेफ प्रीस्टली या रसायनज्ञाने यथार्थदर्शनाच्या चित्रकलेवरील आपल्या ग्रंथात, शिसपेन्सिलीच्या खुणा पुसण्यास अत्यंत योग्य असा एक पदार्थ आढळल्याचे नमूद केले आणि लंडनच्या रॉयल एक्स्चेंजसमोरील नेर्न नावाचा उपकरणे बनविणारा गृहस्थ त्याचा अर्ध्या इंचाचा घन तीन शिलिंगांस विकतो, असेही कळविले. तीन शिलिंग ही तेव्हा बरीच मोठी रक्कम होती. पण तो तुकडा कित्येक वर्षे पुरतो असा दिलासाही त्याच टिपेत आहे. हे कच्चे रबर उन्हाळ्यात चिकट होई व थंडीत दगडासारखे कडक पडे. चार्ल्स गुडइयरने १८३९ साली गंधकाबरोबर ते तापविण्याची युक्ती शोधली आणि १८४४ साली तिचे पेटंट घेतले, तेव्हा कोठे रबर भरवशाचे झाले.

परंतु पेन्सिलीचे रबर टंकलेखनाच्या कामी निरुपयोगी असते. पेन्सिलीची भुकटी कागदाच्या पृष्ठभागावर नुसती बसलेली असते व रबर तिला उचलून घेते. टंकयंत्राच्या फितीत तेलात कालविलेले काजळ असते, ते धातूच्या टंकाच्या आघाताने कागदाच्या तंतूंत शिरते, आणि त्याला काढावयाचे तर वरचे तंतूच खरवडून काढावे लागतात. म्हणून या रबरात प्युमिस दगडाची पूड मिसळीत, आणि घासताना ते सतत कणाकणाने सुटून ताजा भाग उघडा पडावा यासाठी गंधकाने आटविलेल्या वनस्पतितेलाची भर घालीत. जे झिजत नाही ते खोडत नाही, आणि जे झिजते ते आपला आकार गमावते. शिवाय सुटलेले कण यंत्राच्या पोटात पडले तर टंकदांड्या अडखळू लागतात. म्हणून टंकलेखनाच्या पाठ्यपुस्तकांत खोडण्याचा जवळजवळ एक विधीच सांगितलेला असे: कागद रुळावर काही ओळी वर फिरवावा, कॅरेज अगदी एका कडेस सारावी म्हणजे कण यंत्राबाहेर पडतील, हलक्या हाताने घासावे, कुंचल्याने कण झटकावे, आणि मग पूर्वस्थानी येऊन शुद्ध अक्षर हलकेच उमटवावे. खाली कार्बनच्या प्रती असल्या तर प्रत्येक कार्बनच्या वर कागदाचा कपटा सारून प्रत्येक स्थळप्रत वेगळी खोडावी लागे. ज्याने चार प्रतींवरचे एक अक्षर सुधारले आहे तो कारकून पुढे साहेबाच्या मसुद्यातील व्याकरण दुरुस्त करण्याच्या भानगडीत सहसा पडत नसे.

मिलवॉकीच्या शोल्सने आपल्या सहकाऱ्यांसह १८६८ साली पेटंट घेतलेले आणि पुढे रेमिंग्टन कंपनीने १८७४च्या सुमारास बाजारात आणलेले यंत्र तर अंध होते; त्यात टंक रुळाच्या खालच्या अंगास आपटत आणि लिहिलेला मजकूर काही ओळी पुढे गेल्यावाचून लेखकास दिसतच नसे. अंडरवुडच्या यंत्राने १८९०च्या दशकात अक्षर उमटताक्षणी डोळ्यांपुढे आणले. चूक तत्काळ दिसू लागली म्हणजे ती तत्काळ काढण्याची निकडही उत्पन्न होते, हे उघड आहे. एका अक्षराएवढ्या खोडरबराचा खरा व्यवसाय तेथून फोफावला.

त्याच्या आकारांचे मूळ मात्र थोडे मागे, फिलाडेल्फियाच्या हायमेन लिपमनपाशी, शोधावे लागते. ३० मार्च १८५८ रोजी त्याने घेतलेले पेटंट आज पेन्सिलीच्या टोकास रबर लावण्याचे म्हणून सांगितले जाते; परंतु त्याची कल्पना तशी नव्हती. त्याच्या पेन्सिलीत तीन चतुर्थांश लांबीपर्यंत शिसे आणि उरलेल्या चतुर्थांशात लाकडाच्या त्याच खोबणीत डकविलेली रबराची कांडी होती. शिसे जसे तासून बाहेर काढावयाचे तसेच रबरही दुसऱ्या टोकाने तासून बाहेर काढावयाचे. म्हणजे रबर बारीक ठेवण्यासाठी त्याला लाकडाचे कवच द्यावे व झिजेल तसे कवच सोलावे, हा टंकलेखकांच्या पेन्सिलवजा खोडरबराचा संपूर्ण आराखडा यंत्राच्या दहा वर्षे आधीच कागदावर होता. जोसेफ रेकेंडॉर्फरने हे पेटंट एक लाख डॉलरांस विकत घेतले असे सांगतात; त्याने पेन्सिली बनविणाऱ्या फेबर कंपनीवर फिर्याद केली, आणि १८७५ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निवाडा दिला की शिसे पूर्वीप्रमाणे लिहिते, रबर पूर्वीप्रमाणे खोडते, दोहोंच्या संयोगातून कोणताही नवा परिणाम निष्पन्न होत नाही, सबब हा शोधच नव्हे. कायद्याच्या दृष्टीने निवाडा योग्य असेल. परंतु बारीक रबराला आधार देण्याची जी खरी युक्ती लिपमनने योजली होती तिच्याकडे वादी, प्रतिवादी आणि न्यायाधीश यांपैकी कोणाचेच विशेष लक्ष गेलेले दिसत नाही.

टंकलेखकांच्या मेजावर पुढे दोन आकार रूढ झाले. एक ही लाकडी कवचाची, मागे कुंचला असलेली पेन्सिल. ती हातात छान बसे, पण तासताना रबराचाच मोठा हिस्सा छिलक्यांबरोबर जाई. दुसरा आकार म्हणजे पातळ चकती, मध्ये धातूचे बूड आणि त्यास जोडलेला लांब केसांचा कुंचला. ही चकती मला या सगळ्या कुळातील सर्वांत बुद्धिमान वाटते. ती जसजशी झिजते तसतसा तिचा व्यास कमी होतो, पण कडेची जाडी बदलत नाही. बोथट झालेला भाग सोडून जरा फिरविली की नवी कड पुढे येते. तिला तासावे लागत नाही, पुढे सरकवावे लागत नाही. तिचा एकच दोष, की मधल्या बुडापाशी आली म्हणजे उरलेले रबर फुकट जाते व चांगला कुंचलाही त्याबरोबर फेकावा लागतो.

तो कुंचला व मूठ कायम ठेवून केवळ रबर नवे भरावे, ही कल्पना अशा वेळी कोणत्याही काटकसरी मनुष्यास सुचेल. आणि तशी ती सुचली, धातूच्या नळीत बारीक कांडी घालून वापरण्याची साधने निघालीही. पण यांत्रिक पेन्सिलीत जे सहज साधते ते येथे का साधत नाही, हे पाहण्यासारखे आहे. शिशाची काडी ताठ असते. मागून ढकलली की पुढून तेवढीच बाहेर येते. रबर दाबाखाली आकसत नाही, आकार बदलते: मागून ढकलले की लांबीत कमी व जाडीत अधिक होते, आणि नळीच्या भिंतींस घट्ट धरून बसते, जितका जोर करावा तितके ते अधिक अडते. म्हणून कांडी ढकलून भागत नाही, तिला बाजूने पकडून न्यावे लागते. त्यासाठी फटीतून सरकणारी खुंटी हवी, मळसूत्रावर चालणारी पकड हवी, अथवा पुढचे चिरलेले तोंड सैल करून कांडी हाताने ओढण्याची तरी सोय हवी. बाहेर फार काढली तर ती वाकते व शेजारचे अक्षर पुसते. फार आत ठेवली तर नळीची धातूची कड कागदास ओरखडते. ज्या टोकाने कांडी भरावयाची त्याच टोकावर कुंचल्याचाही हक्क असतो, तेव्हा दोहोंपैकी एकास सोडविता येण्याजोगे करणे आले. रबरातील गंधकाने पितळ काळवंडते, म्हणून नळीस निकेलचा मुलामा द्यावा लागतो. आणि एवढे सर्व साधले तरी भरणीच्या कांड्या फडताळात पडून हवेने कडक होतात, त्यांवर चकाकी चढते, आणि त्या अक्षर खोडण्याऐवजी कागदावर फासतात. टिकाऊ मुठीला नाशिवंत भरणी, असा हा विजोड विवाह होता. मूठ जितकी उत्तम, तितका तिचा भाव चकतीच्या किरकोळ किमतीपुढे अधिक डोळ्यांत भरे.

या अडचणीतून खरा मार्ग काढला तो रबर सोडून देणाऱ्यांनी. काचेचे केसासारखे तंतू एकत्र बांधून त्यांची जुडी नळीत बसविली व मळसूत्राने पुढे काढली, तर काच दाबाखाली फुगत नाही, जुनी होऊन कडकही होत नाही, झिजली की नवी जुडी भरता येते, आणि शाईचा थर ती इतक्या नेमकेपणाने खरवडते की नकाशे काढणारे व टंकलेखक दोघेही ती वापरू लागले. मठवासीयांच्या चाकूचाच हा सूक्ष्म वंशज. तुटलेले तंतू मात्र बोटांत शिरतात आणि सहजी निघत नाहीत.

देवनागरी टंकलेखकास तर या सूक्ष्मतेची गरज अधिकच होती. मुंबईच्या गोदरेज अँड बॉइस कंपनीने १९५५ साली भारतीय बनावटीचे पहिले टंकलेखनयंत्र बाहेर आणले, आणि मराठी यंत्रेही सरकारी दफ्तरांतून रुळली. त्या यंत्रांवर ‘ख’ वा ‘ष’ यांसारखे अक्षर अर्धा भाग व काना अशा दोन आघातांनी जुळवावे लागे, आणि मात्रेच्या कळेने कॅरेज पुढे सरकत नसे. त्यामुळे चूक पुष्कळदा अक्षराची नसून नुसत्या कान्याची वा मात्रेची असे, आणि शिरोरेघेस धक्का न लावता तेवढीच मात्रा काढणे हे चकतीच्या कडेलाही जड जाई. दस्तऐवजाच्या बाबतीत तर कितीही सफाईने खोडले तरी कायदा समाधानी नसतो: १९०८च्या नोंदणी अधिनियमाच्या विसाव्या कलमान्वये, खाडाखोडीवर लिहून देणाऱ्याची सही किंवा आद्याक्षरे नसतील तर निबंधकास तो दस्त नोंदून घेण्यास नकार देता येतो.

शेवटी जय झाला तो झाकणाऱ्यांचा. विजेच्या यंत्रांवर कार्बनची फीत आली व तिचे अक्षर रबराने घासताच सारे पान काळे होऊ लागले, तेव्हा डॅलसच्या एका बँकेतील सचिव बेट नेस्मिथ ग्रॅहॅम हिने पांढरा रंग बाटलीत घालून कुंचल्याने चुका लिंपण्यास आरंभ केला. १९५६ पासून ती तो विकू लागली, आणि १९७९ साली जिलेट कंपनीने तिचा ‘लिक्विड पेपर’चा उद्योग ४ कोटी ७५ लाख डॉलरांस घेतला. १९७३ साली आयबीएमने यंत्रातच अशी चिकट फीत बसविली की चुकीच्या अक्षरावर तेच अक्षर पुन्हा आपटताच ते कागदावरून उचलले जाई. रबराची चकती त्यानंतर प्रायः शिल्पकार क्लेस ओल्डेनबर्गच्या कृपेने उरली. वडिलांच्या कचेरीत बालपणी खेळावयास मिळालेली ही वस्तू त्याने व त्याची सहकारी कूश्या व्हान ब्रुगेन हिने अवाढव्य करून वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय कलासंग्रहाच्या उद्यानात उभी केली आहे.

काचतंतूंची पुनर्भरणाची लेखणी मात्र अद्याप तयार होते आणि तिच्या भरण्याही मिळतात. घड्याळजी, विजेच्या उपकरणांचे दुरुस्तीवाले आणि जीवाश्म साफ करणारे संशोधक ती गंजलेले संपर्क व बारीक कोपरे घासण्यास वापरतात. न्यूयॉर्क राज्यातील सिरॅक्यूज येथे अशा काचतंतूंच्या खोडणीपासून आरंभ करून पुढे तांब्याच्या तारेवरील लाख काढणारी यंत्रे बनविणारी एक कंपनी आहे. तिचे नाव अजूनही ‘इरेझर कंपनी’ असेच आहे.