वसईचे माडीचे मांडव : एक विस्मृत प्रकरण

भंडारी ज्ञातीचा इतिहास लिहिताना आपली लेखणी प्रथम पराक्रमाकडे वळते, आणि ते स्वाभाविकच आहे. सतराव्या शतकात गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियर यांनी मुंबई बेटाच्या रक्षणार्थ उभारलेले भंडारी दल सर्वश्रुत आहे. परंतु ज्या धंद्यावर आपल्या पूर्वजांची चूल पेटली, तो माडीचा धंदा आणि ती जेथे विकली जाई तो वाडीतील मांडव, यांविषयी आपण संकोचाने मौन पाळीत आलो आहोत.

हा मांडव म्हणजे शहरातील गुत्ता नव्हे. माडाच्या पोयीस छेद देऊन सकाळ-संध्याकाळ रस उतरविला जातो. ताजेपणी ती गोड नीरा असते. काही तासांतच ती आंबू लागते व तिची माडी होते. असा माल साठविता येत नाही, दूरही नेता येत नाही. म्हणून झाड तेथेच दुकान, हा निसर्गाचाच नियम होता. झावळ्यांचे छप्पर, मातीची मडकी आणि दिवसभराच्या श्रमाने थकलेली माणसे, एवढाच त्याचा थाट.

ही परंपरा प्राचीन आहे. वसईवर १५३४ ते १७३९ पर्यंत पोर्तुगीजांचा अंमल होता. त्याच काळात, १५६३ साली, गार्सिया द ओर्ता यांनी गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात माडाच्या या रसाचा ‘सुरा’ या नावाने उल्लेख केला आहे.

या मांडवावर पहिला घाव रस्त्याने घातला नाही. तो कायद्याने घातला. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्यावाचून झाड छेदणे हा गुन्हा ठरला. झाडावरील कराचा भार वाढला आणि वडिलोपार्जित कसब सरकारी मेहेरबानीवर अवलंबून राहिले. पुढे १९४९ चा दारूबंदी कायदा आला व १९५० पासून संपूर्ण दारूबंदी अमलात आली. परवान्याने नीरेस वाव राहिला, माडीस मात्र नाही. मद्यपानाने संसार उद्ध्वस्त होतात, हे कोणीही नाकारणार नाही. तथापि एका संपूर्ण व्यवसायाचे कसब बंद करताना ते कसब जाणणाऱ्यांनी पुढे काय करावे, याचा विचार तितक्याच तत्परतेने झाला नाही. १९६० नंतरच्या दशकात बंधने सैल झाली. पण तोवर अनेक तरुण गिरण्या व कचेऱ्यांकडे वळले होते.

उरलेले काम नगरविस्ताराने केले. १९९० मध्ये वसई-विरारच्या नियोजनाचा अधिकार सिडकोकडे गेला व २००९ मध्ये महानगरपालिका स्थापन झाली. या अवधीत वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आणि रस्ते रुंद झाले. आता तालुक्यातील नवघरपासून अलिबागच्या दिशेने विशाल महामार्ग आखला आहे. रस्ते हवेतच; त्यांवाचून प्रगती नाही. परंतु घर पाडले तर त्याच्या भिंतींची नोंद होते, झाड तोडले तर त्याचीही गणती होते. झावळ्यांच्या मांडवास भिंतीच नव्हत्या. तेथे जमणाऱ्या गावाची नोंद कोणत्या दप्तरात व्हावी?

म्हणून ज्ञातिबांधवांस विनंती आहे की, ज्यांनी माडावर चढण्याचे कसब केले ते वृद्ध हयात आहेत तोवर त्यांच्याकडून वाड्यांची नावे, हत्यारांची नावे व मांडवांच्या जागा लिहून घ्याव्यात. आपल्या पूर्वजांचा घाम लपविण्यासारखा नव्हता. तो विसरला गेला, तर मात्र त्याचा दोष रस्त्यास देता येणार नाही.