गुरुजी खरे, कामगार नव्हेत

सिंदी (रेल्वे)ला रुळांवर काम करणारा गँगमन जखमी झाला, तर १९२३च्या नुकसानभरपाई कायद्यात त्याला जागा होती. काम करताना, कामामुळे इजा झाली की पुरे. मालकाची चूक दाखवावी लागत नसे. शाळेत घंटा देणारा शिपाई मात्र त्या यादीत बसत नव्हता.

आणि मास्तर? १९८८ साली गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं, औद्योगिक विवाद कायद्यापुरतं, सांगितलं: शिक्षक 'कामगार' नाही. अध्यापन उदात्त कार्य! म्हणजे बघा, मान मिळाला, हक्क निसटला.

२००९च्या दुरुस्तीत 'कामगारा'चा 'कर्मचारी' झाला, यादी राहिलीच. पाय मोडला, तर प्रश्न एकच हवा ना: कामावर मोडला का? त्यात पदाची प्रतिष्ठा कशाला?